फुगा मिटेपर्यंत

आमच्या घरात भांडण रोज ताजं व्हायचं, स्वयंपाकासारखं. मी हैदराबादला नारायणगुड्यात जन्मलो, तिथेच वाढलो आणि इथल्या पाणीपुरवठा खात्यात पाइपलाइनी बघत बघत म्हातारा झालो. बायको पुण्याची. ती लग्न होऊन आली तीच आमटीत गूळ घालायची सवय घेऊन. आमच्याकडे वरण म्हणजे चिंच आणि वर लाल मिरचीची सणसणीत फोडणी. पहिल्याच आठवड्यात त्या वाटीवरून वाजलं, ते पुढे वाजतच राहिलं. सिकंदराबादला जायचं तर मी म्हणणार टँक बंडवरून, ती म्हणणार मुशीराबादवरून. पंखा मी मोठा केला की ती उठून बारीक करणार. माझा आवाज मोठा, तिचा बारीक पण धार जास्त. शेजारच्या तेलुगू बाईंना सुरुवातीला काळजी वाटायची, नंतर त्या आमचा आवाज आला नाही की विचारायला यायच्या, गावाला गेला होता का म्हणून.

त्या वर्षी आषाढात तिनं चातुर्मासाचं वांगं सोडलं. दरवर्षी सोडते. बघारे बैंगन म्हणजे माझा जीव की प्राण, आणि हिला वांग्याचा वासही सोसत नाही. मी पेपर खाली ठेवला.

"अगं, मुळात जे आवडतच नाही ते सोडून देवाला कशाला बनवतेस? तो काय दूधखुळा आहे? सोडायचं तर आवडतं सोड. चहा सोड."

"चहा सोडला तर तुमच्याशी बोलायला ताकद कुठून आणू?" असं म्हणून तिनं वांगंच सोडलं. मी पुढचे कितीतरी दिवस जेवताना टोमणे मारत होतो आणि ती परतवत होती. असा सगळा आनंद होता.

श्रावणात मी न्हाणीघरात घसरून पडलो. तिथे रबरी चटई टाकू या म्हणून ती वर्षभर मागे लागली होती आणि मी नको म्हणत होतो, त्यामुळे पडल्या पडल्या मला डोक्याच्या टेंगळापेक्षा ही आता काय बोलेल याचीच धास्ती वाटली. आणि ती बोललीच! मुलगी गाडी चालवत होती, मी मागच्या सीटवर डोक्याला बर्फ लावून बसलो होतो, आणि सिकंदराबादच्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत हिचं चटईपुराण चालू होतं. मीही सोडलं नाही. चटईमुळेच जास्त घसरायला होतं, हे मी तांत्रिक कारणांसकट सांगत होतो. आमची मुलगी गच्चीबावलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "बाबा, हळू बोला, बीपी वाढेल. आई, तू पण चिल मार ना."

डोक्याचे फोटो काढले. पडल्यामुळे आत काही लागलेलं नव्हतं. पण डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावून दार लावून घेतलं, तेव्हाच मी समजलो की काहीतरी लफडं आहे.

डॉक्टर तरुण होता, तेलुगू, आणि हिंदी मात्र अस्सल आमच्या हैदराबादची. डोळ्याच्या मागच्या बाजूला मेंदूकडे जाणारी जी मोठी रक्तवाहिनी असते, तिच्या भिंतीला एका ठिकाणी फुगा आला होता. मी पडलो नसतो तर कळलंही नसतं. तो वर्षानुवर्षं तसाच राहील किंवा एक दिवस फुटेल. फुटला तर बऱ्याचदा दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळत नाही. त्यानं हे कागदावर चित्र काढून सांगितलं, आणि चित्र बघून मला घाबरायच्या आधी चक्क ओळख पटली. ही तर माझी लाइन! पातळ झालेल्या भिंतीला आतल्या दाबानं आलेला फुगवटा. असे फुगवटे मी उभा जन्म पाहिले आहेत.

"मग डोकं उघडून बाहेरून पट्टी मारणार?" मी विचारलं.

"नक्को अंकल," तो हसला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे डोकं उघडायची गरजच नव्हती. मनगटातल्या किंवा जांघेतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी आत घालायची, ती छातीवरून, मानेतून थेट त्या जागेपर्यंत न्यायची, आणि फुग्याच्या तोंडावरून जाईल अशी तारेच्या जाळीची नळी आतल्या आत उलगडायची. रक्त त्या नळीतून सरळ पुढे जातं, फुग्यात शिरायचं कमी होतं, आतलं साचलेलं गोठतं आणि हळूहळू फुगा मिटून जातो. मात्र हे काम चुटकीसरशी होत नाही, त्याला महिने लागतात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासून बघायचं.

मी खुर्चीत पुढे सरकलो. भर बाजारातला रस्ता न खोदता जुन्या लाइनीला आतून अस्तर कसं दिलं होतं, ते मी त्याला सांगायला लागलो. वळणावर काय करता, जाळी सरकली तर काय, असले प्रश्न विचारले. त्यानंही हौसेनं उत्तरं दिली. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला की यातही धोका आहे. एखादी गुठळी पुढे गेली तर हात, पाय, वाचा, काहीही जाऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं. तोवर बीपीची गोळी चुकवायची नाही, सिगरेट असेल तर बंद, जड उचलायचं नाही आणि भडकायचं नाही.

"भडकायचं नाही" या शब्दांवर माझी बायको, जी इतका वेळ एक अक्षर बोलली नव्हती, तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. पण ती नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

घरी आल्यावर मी पुढच्या लढाईच्या तयारीला लागलो. कारण पुण्याचा मेव्हणा फोनवर लगेच म्हणाला होता, इकडे या, पुण्यात चांगले डॉक्टर आहेत. आता पुणं विरुद्ध हैदराबाद, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना सामना. मी मुद्दे जुळवून ठेवले. या गावातले दवाखाने, लांबून लांबून येणारे पेशंट, डॉक्टरची भाषा आपल्याला कळते आणि आपली त्याला, हे सगळं तोंडपाठ करून मी जेवायला बसलो आणि म्हणालो, "मी हैदराबादेतच करून घेणार. पुण्याला येणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि वरण वाढलं.

मी वाट पाहिली. पुढे काहीच नाही. वरणाचा भुरका मारला तर त्यात गूळ नव्हता! चिंच होती, वर लाल मिरचीची फोडणी होती. माझ्या आईच्या हातच्यासारखं वरण इतक्या वर्षांनी ताटात आलं आणि मी वाटी बाजूला सरकवली.

त्या दिवसापासून आमच्या घराला काय झालं ते मी कसं सांगू! मी म्हणेन ती पूर्व. पंखा मोठा केला तर मोठाच राहायचा. ओला टॉवेल मुद्दाम पलंगावर टाकला, तिनं उचलून वाळत घातला. एकदा मी म्हणालो, पुण्याच्या लोकांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. ती म्हणाली, "असेल बाई." असेल बाई! माझ्या बायकोच्या तोंडी! मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

शेजारच्या बाई विचारायला आल्या, गावाला गेला होता का. त्यांना काय सांगणार?

आधी मी खूश होतो, खोटं कशाला बोलू? सगळ्या आयुष्याच्या हरलेल्या बाज्या एकदम जिंकल्यासारखं वाटलं. पण चारआठ दिवसांत त्या जिंकण्याचा वीट आला, आणि मग एक भलताच विचार डोक्यात शिरला. माणसं इतकं गोड कुणाशी बोलतात? जो चाललाय त्याच्याशी. माझे वडील शेवटच्या दिवसांत होते तेव्हा आम्ही सगळे असंच बोलत होतो, हो म्हणा, बरं म्हणा, त्यांना हवं ते करा. म्हणजे डॉक्टरनं हिला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय आणि मला सांगितलेलं नाही. फुगा मोठा असेल, जाळी बसणार नसेल, काय असेल ते. एकदा हे डोक्यात बसल्यावर फुग्यापेक्षा मला तिच्या "बरं"चीच जास्त भीती वाटायला लागली.

मी मुलीला धरलं. "खरं सांग, तुझ्या आईला डॉक्टर काय बोललेत?"

"जे तुमच्यासमोर बोलले तेच, बाबा. गॉड प्रॉमिस."

"मग ती भांडत का नाही?"

मुलगी डोळे मोठे करून बघत राहिली. "बाबा, तुम्हाला भांडण पाहिजे?"

"मला माझी बायको पाहिजे," मी ओरडलो, आणि स्वयंपाकघरातून ही धावत आली. "अहो, हळू. बीपी." बस, एवढंच. आणि हातात ताकाचा पेला.

ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी अंगावर काळेनिळे डाग पडायला लागले. दाढी करताना जरा लागलं तरी रक्त थांबत नसे. ती आरशाशेजारी कापूस घेऊन उभी राहायची. पूर्वी अशा वेळी "तुमचं कधी लक्ष असतं का हातातल्या कामात" इथून सुरुवात होऊन माझ्या खानदानापर्यंत प्रकरण गेलं असतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी रिक्षात बसलो. मुलगी थेट तिकडेच येणार होती. मी मुद्दाम काही बोललो नाही. रिक्षावाल्यानं विचारलं, "किधर से लेना साब?" मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "टँक बंड से लेव भैया." माझा रस्ता. तिनं आपणहून सांगितला. हुसेन सागरावरचा वारा तोंडावर येत होता, सकाळचं पाणी छान चमकत होतं, आणि मी मनात म्हणालो, संपलं, हिला नक्की माहीत आहे. मला रडू आलं. मी चष्मा पुसण्याचं नाटक केलं.

आत नेण्याआधी डॉक्टर भेटायला आला तेव्हा मी त्याचा हात धरला. "डॉक्टरसाब, मेरी बीवी को आपने क्या बोले? सच बोलो."

तो गोंधळला. "जो आपको बोला वोच बोला अंकल. और क्या बोलना था?" त्याच्या तोंडावर लपवाछपवी काही दिसली नाही. पण डॉक्टर लोकांना ते शिकवत असतील, असं मला वाटलं. मग भूल दिली.

जाग आली तेव्हा कुणीतरी मला हात वर करायला सांगत होतं. दोन्ही हात वर झाले. पाय हलवा, हलले. हसून दाखवा, म्हणे. मी हसलो. नाव विचारलं, सांगितलं. उजव्या मनगटावर घट्ट पट्टा बांधला होता, बाकी अंगावर कुठे टाकासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाला, जाळी मस्त बसली, वळणावर थोडी कसरत झाली पण बसली. मी म्हणालो, वळणावरच तर खरा इंजिनीअर कळतो. नर्स हसली. वाचा शाबूत आहे याची मला स्वतःलाच खात्री पटली.

थोड्या वेळानं बायकोला आत सोडलं. ती पलंगाशी उभी राहिली आणि चादरीवरून माझ्या पावलावर हात ठेवला. मी विचार केला, आता सगळं नीट झालंय, आता ही बोलेल. म्हणून मीच सुरुवात करून दिली.

"पुण्याला केलं असतं तर असं झालं असतं का? बघ, म्हटलं नव्हतं?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ओठ हलले. काहीतरी तिथपर्यंत आलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण तिनं ते गिळलं आणि म्हणाली, "हो. तुमचंच बरोबर होतं."

बोंबला!

नंतरचे महिने तब्येतीनं उत्तम गेले. मी सकाळी फिरायला जात होतो, गोळ्या घेत होतो, मुलगी दर रविवारी येत होती. दिवाळी झाली, चातुर्मास संपला, तिनं वांगं खायला सुरुवातही केली म्हणजे मला करून वाढायला लागली. बघारे बैंगन, दर आठवड्याला, नाकाला पदर न लावता. मी खाऊन खाऊन कंटाळलो. एकदा तर मीच म्हणालो, अगं थोडा गूळ घाल ना वरणात. तेव्हा ती गोंधळली, पण घातला. इतकी वर्षं ज्या गुळाला मी शिव्या दिल्या तो मला त्या दिवशी इतका गोड लागला की मी दोनदा वरण मागून घेतलं.

जानेवारीत नामपल्लीच्या नुमाइशीला, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनाला, गेलो. तिथे दरवर्षी आमचा मोठा सामना रंगायचा. ती चादरींच्या दुकानात शिरणार, मी बाहेर उभा राहून हाका मारणार. या वेळी मी शेवटचा डाव टाकला. एक माणूस माइक लावून भाजी कापायचं यंत्र विकत होता, त्यात गाजर घातलं की फुलं निघत. आमच्या घरी असली तीन यंत्रं माळ्यावर पडलेली, आणि तीनही माझ्यावर पडलेल्या शिव्यांसकट. मी चौथं घेतलं. तिच्या हातात दिलं.

तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. गळ्याची शीर ताठ झाली. मी श्वास रोखला.

"छान आहे," ती म्हणाली. आणि लगेच वळून मिरची भजीच्या रांगेत जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

मग सहा महिन्यांची तपासणी आली. पुन्हा मनगटातून नळी घालून, आत रंग सोडून फोटो काढायचे होते, फक्त या वेळी जागेपणी. रंग सोडला की डोळ्यामागे गरम गरम वाटायचं. मी टेबलावर पडून एकच विचार करत होतो. आता निकाल लागेल. फुग्याचा लागेलच, पण ही मला काय लपवते आहे त्याचाही लागेल.

आम्हाला दोघांना पडद्यासमोर बसवलं. डॉक्टरनं आधीचा फोटो दाखवला, त्यात फुगा टपोरा दिसत होता. मग आजचा. रक्तवाहिनी वळून सरळ पुढे गेली होती, आणि फुग्याच्या जागी काही नव्हतं.

"मिटा?" बायकोनं विचारलं.

"पूरा मिट गया आंटी."

"पक्का?"

"एकदम पक्का."

"पुन्हा येणार नाही ना? विचारा त्यांना," ती मला म्हणाली, जणू तिला हिंदी येतच नव्हती. डॉक्टर म्हणाला, मधूनमधून बघत राहू, पण हा फुगा संपला. तिनं हात जोडले. कुणाला जोडले ते कळलं नाही, कारण डॉक्टर त्या बाजूला नव्हता.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "नारायणगुडा. टँक बंड से लेव."

"काही नको!" बायको कडाडली. "मुशीराबाद से लेव भैया. टँक बंड टँक बंड! गेल्या खेपेला किती वळसा पडला! आणि तुम्ही काय हो, ते गाजराची फुलं काढायचं यंत्र? घरात ठेवायला जागा आहे का? चौथं! आणि ओला टॉवेल पलंगावर? गादीला वास मारतो अजून! आणि पुण्याच्या लोकांना स्वयंपाक येत नाही? तुमच्या आईला तरी साध्या पुरणपोळ्या जमायच्या का? आणि चटई! चटई टाकली असती तर पडला असता का?"

"चटई टाकली असती तर पडलो नसतो, आणि पडलो नसतो तर फुगा कळला नसता!" मी ओरडलो. "म्हणजे मी बरोबर होतो!"

"तुम्ही जन्मात बरोबर नव्हता!"

रिक्षावाला आरशातून बघत होता. अहो, काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगात असं काही वारं भरलं होतं! आम्ही आरटीसी क्रॉस रोडपर्यंत नुसते भांडत होतो. तिला सगळं आठवत होतं, एकेक वाक्य, एकेक टॉवेल. शेवटी तिला धाप लागली तेव्हा मी विचारलं.

"मग इतके महिने कुठे गेली होतीस? मी मरायला टेकलोय म्हणून गप्प होतीस ना? काय सांगितलं होतं तुला डॉक्टरनं?"

"डॉक्टरनं काय सांगायचंय?" ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. "त्याच दिवशी संध्याकाळी देवापुढे बसले होते. म्हटलं, फुगा मिटेपर्यंत सोडलं."

"काय सोडलं?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, सोडायचं तर आवडतं सोड?" ती म्हणाली. "मला दुसरं काय आवडतं?"

रिक्षा सिग्नलला अडकली होती, पुढे बसेसची रांग लागली होती, सगळे हॉर्न वाजवत होते.

"आता का गप्प बसलात?" ती म्हणाली. "बोला ना हो."

"टँक बंडवरून आलो असतो," मी कसाबसा म्हणालो, "तर एव्हाना घरी पोचलो असतो."

"डोंबल पोचलो असतो," ती म्हणाली, आणि मनगटावरची पट्टी सांभाळून तिनं माझा हात हातात घेतला.